रँक ट्रॅकर घेण्याआधी: पहिला नंबर, पण कुठून पाहिलेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात एका ताईंचं चपलांचं पिढीजात दुकान, चार वर्षांपासून स्वतःची वेबसाइट, ऑनलाइन ऑर्डरही येतात. एक एजन्सी दर महिन्याला गूगलवरच्या रँकिंगचा रिपोर्ट पाठवते आणि त्यात वीसपैकी अठरा कीवर्डवर, म्हणजे लोक शोधतात त्या शब्दांवर, पहिला नंबर दाखवते. पण ताई स्वतःच्या फोनवर शोधतात तेव्हा दुकान सातव्या-आठव्या जागी असतं, आणि पुण्यातल्या भावाला पहिल्या पानावर दिसतच नाही. सर्च कन्सोल या गूगलच्या टूलमध्ये जून-जुलै २०२५ मध्ये इम्प्रेशन (साइट निकालात किती वेळा आली तो आकडा) एकदम उसळले, पण सरासरी पोझिशन, म्हणजे निकालातली सरासरी जागा, घसरली. सप्टेंबरात उलटं झालं: इम्प्रेशन पडले, पोझिशन सुधारली. ऑर्डर मात्र दोन्ही वेळा साधारण तेवढ्याच. ताई विचारतात, "आता स्वतःच रँक मोजणारं एखादं टूल घ्यावं म्हणते. कोणतं घेऊ?"

ताई, टूलची नावं पुढे देतोच. त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा, नाहीतर कितीही महागडं टूल घेतलं तरी हा गोंधळ असाच राहील. एजन्सीचा रिपोर्ट, तुमचा फोन आणि भावाचा फोन, हे तिन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. रँक हा वेबसाइटवर कोरलेला नंबर नसतो. कुणीतरी, कुठल्यातरी गावातून, कुठल्यातरी यंत्रावर, एका क्षणी काहीतरी शोधलं. त्याला जे पान मिळालं त्यात तुमची जागा कितवी होती, एवढाच त्याचा अर्थ. गाव बदललं की पान बदलतं. मी वेबसाइटच्या रँकिंगचं हे काम २००९ पासून करतोय, आणि ग्राहकांशी झालेले माझे बहुतेक वाद या एका मुद्द्यावर येऊन थांबलेत.

गूगलने ऑक्टोबर २०१७ पासून निकालाचा देश स्वतःच्या वेबपत्त्यावरून ठरवणं सोडलं. तुम्ही डॉट को डॉट इन टाका नाहीतर डॉट कॉम, शोधणारा माणूस कुठे आहे ते पाहून निकाल लागतो. इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी विंडो उघडली की खरा नंबर दिसतो, असं पुष्कळ जण सांगतात. तसं नाही. इनकॉग्निटोमुळे तुमचा आधीचा इतिहास बाजूला पडतो, तुमचं ठिकाण लपत नाही. आत्ताच एक करून बघा. फोनवर "कोल्हापुरी चप्पल" शोधा आणि निकालाच्या पानाच्या अगदी तळाशी जा. तिथे गूगल तुम्हाला कुठल्या गावात समजतंय ते लिहिलेलं असतं. लोकेशनची परवानगी बंद असेल आणि मोबाइल डेटा चालू असेल, तर कोल्हापुरात बसून तिथे पुणे किंवा मुंबई दिसू शकतं. भावालाही तळाची तीच ओळ वाचायला सांगा. तुमच्या दोघांच्या आकड्यांतला अर्धा फरक तिथेच उलगडेल.

आणि मालकाचा फोन हा रँकिंगचा साक्षीदार कधीच धरू नये. तुम्ही दिवसातून दहादा स्वतःची साइट उघडता, दुकानातच बसलेल्या असता. इतका जवळचा आणि इतका ओळखीचा ग्राहक तुम्हाला दुसरा मिळणार नाही.

आता टूल काय करतं ते पाहू. रँक ट्रॅकर म्हणजे तुमच्या वतीने शोधणारा एक रोबो. तुम्ही कीवर्ड देता, गाव देता, भाषा देता, मोबाइल की डेस्कटॉप ते सांगता. तो त्या गावातून शोधल्याचं भासवून गूगलकडे विचारणा करतो, आलेलं पान वाचतो, त्यात तुमचं डोमेन (साइटचा पत्ता) कितव्या जागी आहे ते मोजतो आणि नोंदवून ठेवतो. उद्या परत तेच. यातली गाव आणि यंत्राची निवड चुकली की पुढचं सगळं मोजमाप चुकतं, आणि चूक दिसतही नाही, कारण आलेख छान सरळ असतो. माझ्याकडून हे घडलंय. नाशिकच्या एका ग्राहकासाठी मी ट्रॅकरमध्ये ठिकाण म्हणून नुसतं "भारत" ठेवलं होतं आणि यंत्र डेस्कटॉप. त्याचे सगळे गिऱ्हाईक नाशिक शहरातले आणि मोबाइलवरचे. आलेख पडला, मी घाबरलो, त्याची चांगली चालणारी पानं नव्याने लिहून घेतली. नंतर नाशिक आणि मोबाइल लावून पाहिलं तर तिथे काही पडलेलंच नव्हतं. त्या माणसाचा दीड महिना गेला. तेव्हापासून कुठलाही रिपोर्ट हातात आला की आकड्याआधी मी वरच्या कोपऱ्यातली सेटिंग वाचतो. तुमच्या एजन्सीच्या रिपोर्टवर गाव, यंत्र आणि भाषा लिहिली आहे का, हे आधी बघा. लिहिली नसेल तर तो पहिला नंबर नेमका कशातला, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

टूलमध्ये आणखी एक बारकावा असतो. काही टूल्स फक्त साध्या निळ्या लिंका मोजतात. जाहिराती, नकाशा, फोटोंची पट्टी, व्हिडिओ सोडून देतात. काही टूल्स वरून खाली दिसणारी प्रत्येक चौकट मोजतात. त्यामुळे एकाच पानावर एक टूल तुमची जागा दुसरी सांगेल आणि वेगळं टूल सहावी सांगेल. दोन्ही बरोबर. चपलेसारख्या वस्तूच्या शोधात वर खरेदीच्या जाहिराती, मग नकाशा, मग फोटो येतात. "दुसऱ्या नंबरवर" असलेली लिंक फोनवर दोन वेळा स्क्रोल केल्याशिवाय दिसत नाही. भारतात ऑगस्ट २०२४ पासून एआयने लिहिलेलं उत्तर वर येऊ लागलं, त्यानंतर हा फरक आणखी वाढला. म्हणून निकालाच्या पानाचा फोटो साठवून ठेवणारं टूल मला जास्त पसंत आहे. आकडा काय सांगतो त्यापेक्षा पान कसं दिसत होतं ते पाहिलं की गिऱ्हाईक का आलं नाही ते पटकन कळतं.

आता तुमच्या जून आणि सप्टेंबरच्या कोड्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त शिकण्यासारखं तिथेच आहे.

सर्च कन्सोल हे गूगलचं स्वतःचं, फुकट टूल. पूर्वी त्याला वेबमास्टर टूल्स म्हणत, मे २०१५ मध्ये नाव बदललं. त्यात सोळा महिन्यांचा डेटा मिळतो. तो कुठल्या रोबोने विचारून आणलेला अंदाज नसतो. तुमची लिंक ज्या ज्या निकालात आली त्यांची ही नोंद असते. आपल्या क्षेत्रात त्याचं मोल फार मोठं आहे. २०११ पर्यंत माणूस कोणता शब्द शोधून साइटवर आला ते गूगल ॲनालिटिक्समध्येच (साइटवर येणाऱ्यांची मोजदाद करणाऱ्या टूलमध्ये) दिसायचं. ऑक्टोबर २०११ मध्ये गूगलने शोध एन्क्रिप्ट करायला, म्हणजे शोधलेले शब्द गुप्त ठेवायला, सुरुवात केली, २०१३ पर्यंत तो दरवाजा जवळपास बंद झाला, आणि शब्द पाहण्याची भरवशाची खिडकी एवढी एकच उरली.

पण या खिडकीतला "सरासरी पोझिशन" हा आकडा नीट समजून घ्यावा लागतो. तुमची लिंक जितक्या वेळा निकालात आली, त्या प्रत्येक वेळची जागा घेऊन काढलेली ती सरासरी आहे. समजा महिन्याभरात "कापशी चप्पल" या शोधात तुम्ही १०० वेळा दिसलात आणि दर वेळी दुसऱ्या जागी. सरासरी २. पुढच्या महिन्यात हे सगळं तसंच राहिलं, पण नुसत्या "कोल्हापुरी चप्पल" या शोधात तुम्ही ९०० वेळा चाळिसाव्या जागी दिसलात. आता एकूण सरासरी ३६.२. वरून पाहणाऱ्याला वाटेल की साइट दोनवरून छत्तीसवर आपटली. प्रत्यक्षात तुम्ही काहीच गमावलेलं नाही, उलट जिथे नव्हता तिथे दिसायला लागलात.

जून २०२५ मध्ये नेमकं हेच झालं असणार. मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्याच चपला दिसल्या, त्यांच्या मुळाचा उल्लेख नव्हता, आणि त्यावरून देशभर वाद पेटला. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळालेल्या जीआय (भौगोलिक) मानांकनाची बातम्यांमधून नव्याने चर्चा झाली. ज्यांनी आयुष्यात कधी कोल्हापुरी घातली नव्हती तेही शोधू लागले. त्यांना बातमी हवी होती, चप्पल नको होती. तुमची साइट त्या शोधांत तिसऱ्या-चौथ्या पानावर दिसली, इम्प्रेशन वाढले, सरासरी बिघडली, ऑर्डर जागच्या जागी. हे तपासायला दोन मिनिटं लागतात. सर्च कन्सोलच्या कामगिरीच्या रिपोर्टमध्ये तारीख "तुलना" वर टाका, मे विरुद्ध जुलै, आणि क्वेरींची (लोकांनी शोधलेल्या शब्दांची) यादी इम्प्रेशनच्या फरकानुसार लावा. वाढ कुठल्या शब्दांतून आली ते समोर येईल. त्यात प्राडाचं नाव असलेल्या क्वेरी सापडल्या तर तुमचं कोडं सुटलं.

सप्टेंबरचं कारण अगदी वेगळं आहे, आणि ते थेट रँक ट्रॅकरशीच जोडलेलं आहे. पूर्वी गूगलच्या पत्त्यात एक छोटी भर घातली की एका पानावर दहाऐवजी शंभर निकाल यायचे. जगभरातले ट्रॅकर हीच सोय वापरत. एका विचारणेत शंभर जागा तपासून व्हायच्या. पण सर्च कन्सोलचा नियम असा की उघडलेल्या पानावर तुमची लिंक असली की इम्प्रेशन मोजलं जातं, कुणी खाली स्क्रोल केलं नसलं तरी. म्हणजे एखादा रोबो शंभर निकालांचं पान उघडायचा आणि त्यात तुम्ही त्र्याहत्तराव्या जागी असाल, तर तुमच्या खात्यात त्र्याहत्तराव्या जागेचं एक इम्प्रेशन जमा व्हायचं. माणूस तिथे कुणीच नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलने ही सोय बंद केली. असंख्य साइट्सचे डेस्कटॉपवरचे इम्प्रेशन एका आठवड्यात खाली आले आणि सरासरी पोझिशन वर गेली. तुमचंही तेच झालंय का ते पाहायला यंत्राच्या टॅबवर जा. घसरण डेस्कटॉपवर असेल, मोबाइल सपाट असेल आणि क्लिक तसेच असतील, तर गेले ते रोबो. त्या तारखेची नोंद वहीत करून ठेवा. त्याच्या आधीचे आणि नंतरचे इम्प्रेशन शेजारी ठेवून "वर्षभरात घट झाली" किंवा "पोझिशन सुधारली" असं कुणी म्हणालं, तर ते मान्य करू नका. एजन्सीने सप्टेंबरनंतरच्या "सुधारणेचं" श्रेय घेतलं असेल तर हे त्यांच्यासमोर शांतपणे मांडा.

याच घटनेचा ट्रॅकरवरही परिणाम झाला. शंभर जागा पाहायला आधी एक विचारणा लागायची, आता दहा लागतात. खर्च वाढला. काही टूल्सनी तपासणीची खोली कमी केली, रोज फक्त वरच्या जागा तपासू लागली. म्हणून नवीन टूल घेताना "किती जागांपर्यंत आणि किती वेळा तपासता" हे विचारून घ्या. तुम्हाला वरच्या वीस-तीस जागा पुरेत. साठावी आहे की ऐंशीवी, यावर तुमची एकही ऑर्डर अवलंबून नाही.

सर्च कन्सोलच्या काही मर्यादाही सांगून ठेवतो. त्याचा दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेप्रमाणे बदलतो, म्हणजे आपल्या दुपारी साडेबाराला, हिवाळ्यात दीडला. रविवारी सकाळी तुम्ही सवलत जाहीर केली तर तिचे सकाळचे क्लिक शनिवारच्या खात्यात दिसतील. फार थोड्या लोकांनी शोधलेल्या क्वेरी गोपनीयतेसाठी दाखवल्या जात नाहीत, म्हणून वरच्या आलेखातल्या क्लिकची बेरीज खालच्या यादीशी जुळत नाही. त्यात कुणाची चूक नसते. पडद्यावर हजार ओळींपलीकडे यादी मिळत नाही. आणि एआयच्या उत्तरातून आलेले क्लिक वेगळे काढून दिसत नाहीत. त्या चौकटीतल्या सगळ्या लिंकांना चौकटीचीच पोझिशन मिळते.

आता मराठीचा प्रश्न. परदेशी टूल्सच्या माहितीत हा कुठेच सापडत नाही, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. तुमच्या सर्च कन्सोलच्या यादीत एकच चप्पल किती वेशांत फिरते ते पाहा. देवनागरीत कोल्हापुरी, ऱ्हस्व-दीर्घ चुकवून कोल्हापूरी, रोमन लिपीत एकदा "एच" घालून आणि एकदा गाळून, कुणी चप्पल, कुणी चपला, कुणी चपल. गावाकडचा माणूस पायताण लिहितो. मुंबईचा "कोल्हापुरी" एवढंच लिहितो आणि त्याला मसालाही हवा असू शकतो. पुन्हा विभक्ती: कोल्हापूर, कोल्हापुरात, कोल्हापुरातील, कोल्हापूरमध्ये. माणसाला हे एक वाटतं, ट्रॅकरला हे सगळे वेगळे कीवर्ड, आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे.

त्याहून बारीक गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. "खऱ्या चामड्याची चप्पल" यातला "खऱ्या" दोन पद्धतींनी टाइप होतो. काही कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ वापरतात, काही साधा र, पाय मोडून, आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात: खऱ्या आणि खर्‍या. संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या अक्षरमाळा आहेत. "ॲक्युप्रेशर चप्पल" मधल्या ॲ चंही तसंच. एक पूर्ण अक्षर म्हणून लिहिलेला ॲ, आणि दुसरा अ वर चंद्र ठेवून केलेला अॅ. एकदा एका ग्राहकाच्या ट्रॅकरमध्ये एकच कीवर्ड दोनदा दिसत होता, एकावर चौथी जागा आणि दुसऱ्यावर अकरावी. आम्ही टूलला दोष देत बसलो होतो. दोन्ही शब्द एकेक अक्षर सुटं करून पाहिले तेव्हा हा ॲ सापडला.

उपाय सोपा आहे. सर्च कन्सोलच्या क्वेरी फिल्टरमध्ये "कस्टम" निवडा, त्यात रेजेक्सची, म्हणजे एका ओळीत अनेक रूपं एकदम शोधण्याची, सोय आहे. सगळी रूपं उभ्या रेघेने वेगळी करून एका ओळीत लिहा: कोल्हापुरी|कोल्हापूरी|पायताण, आणि पुढे रोमन रूपं. झालं, सगळा कुटुंबकबिला एका आलेखात. ही ओळ वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये जपून ठेवा, दर महिन्याला तीच चिकटवा. न दिसणाऱ्या अक्षरांच्या बाबतीत स्वतः टाइप करू नका. यादीत जी क्वेरी आली आहे तीच कॉपी करून रेजेक्समध्ये आणि ट्रॅकरमध्ये टाका. म्हणजे लोक जसं लिहितात तसंच मोजलं जाईल.

मग ट्रॅकर हवाच कशाला? तीन कामांसाठी हवा. सर्च कन्सोल फक्त तुमची साइट दाखवतो. तुमच्या वर कोण बसलंय ते सांगत नाही. ट्रॅकर सांगतो. दुसरं, तो ठरावीक गावातून, ठरावीक वेळी, तेच तेच मोजतो, त्यामुळे बदल झाला की तो शोधणाऱ्यांच्या गर्दीमुळे झाला की खरोखर जागा सरकली, हे वेगळं करता येतं. तिसरं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं: त्या दिवशी तुमचं कुठलं पान निकालात होतं, ते तो तारीखवार नोंदवतो.

याचं एक उदाहरण देतो. तासगावच्या एका बेदाणे विक्रेत्याचं मुख्य पान महिनोन् महिने चौथ्या-पाचव्या जागी होतं. एका आठवड्यात ते एकोणीसवर, मग पाचवर, परत एकवीसवर. घरात चर्चा सुरू झाली की गूगलने शिक्षा केली. ट्रॅकरमध्ये पानाच्या पत्त्याचा रकाना उघडला तर ज्या दिवशी जागा एकोणीस, त्या दिवशी निकालात विक्रीचं पान नव्हतंच. "बेदाणे कसे साठवावेत" हा त्यांचाच लेख होता. त्या लेखाचं शीर्षक कुणीतरी बदलून त्यात विक्रीचेच शब्द घातले होते, आणि गूगल दोन्ही पानांत आलटून पालटून निवड करत होतं. शीर्षक पूर्ववत केलं, लेखातून विक्रीच्या पानाला ठळक लिंक दिली, तीन आठवड्यांत आलेख शांत झाला. नुसती सरासरी पाहत बसलो असतो तर आम्ही बहुधा चुकीचं पान दुरुस्त केलं असतं.

आता टूल. तुमच्या आकाराच्या धंद्याला सेमरश किंवा एएचरेफ्ससारखे टूल्सचे मोठे संच घ्यायची गरज नाही. ती उत्तम टूल्स आहेत, पण त्यांच्या पूर्ण योजना महिन्याला शंभर डॉलरच्या वर जातात, आणि त्यातला रँक ट्रॅकर हा एक कोपरा असतो. एएचरेफ्सची वेबमास्टर टूल्स नावाची फुकट सोय स्वतःच्या साइटसाठी मिळते, ती जरूर चालू करा; तुटलेल्या लिंका आणि बाहेरून आलेल्या लिंका पाहायला उपयोगी पडते. नुसतं रँकिंग मोजायला एसई रँकिंग, ॲक्युरँकर अशी टूल्स आहेत; यातलं ॲक्युरँकर मोठ्या यादीसाठी बनलेलं, तुम्हाला जास्तच होईल. एसईओ पॉवरसूटचं रँक ट्रॅकर संगणकावर बसवून चालवता येतं. सर्पबेअर हे मुक्त स्रोत टूल स्वतःच्या सर्व्हरवर चालतं, पण त्यासाठी घरात एखादा डेव्हलपर हवा आणि निकाल आणणारी सेवा वेगळी विकत घ्यावी लागते. माझं म्हणणं, चाळीस-पन्नास कीवर्ड, आठवड्यातून दोनदा तपासणी, शहराच्या पातळीवर ठिकाण आणि निकालाच्या पानाचा फोटो, एवढं देणारी सगळ्यात स्वस्त योजना घ्या. चाचणीचे दिवस बहुतेक सगळे देतात. चाचणीत एकच परीक्षा घ्या: टूलला "कोल्हापूर, मोबाइल, मराठी" लावा, त्याच वेळी दुकानाबाहेरच्या कुणाच्या तरी फोनवर तोच शोध करा, आणि टूलने साठवलेला फोटो शेजारी ठेवा. क्रम थोडा इकडेतिकडे चालेल. पानावरच्या चौकटीच वेगळ्या असतील तर ते टूल सोडून द्या.

एक इशारा. गूगलच्या नियमांत रँक तपासण्यासाठी स्वयंचलित विचारणा करणं बसत नाही, हे त्यांच्या स्पॅम धोरणात स्पष्ट लिहिलेलं आहे. बाहेरची टूल्स ती जोखीम स्वतःवर घेतात, म्हणूनच जानेवारी २०२५ मध्ये गूगलने शोधासाठी जावास्क्रिप्ट (पानासोबत ब्राउझरमध्ये चालणारा कोड) अनिवार्य केलं तेव्हा अनेक ट्रॅकर काही दिवस अडखळले. दुकानाच्या वायफायवरून स्वतःची स्क्रिप्ट किंवा फुकटचं एक्स्टेंशन चालवू नका. "असामान्य ट्रॅफिक" म्हणत कोडी सोडवायला लावणारं पान यायला लागतं आणि मग बिलिंगच्या काउंटरवरचा माणूसही वैतागतो.

कीवर्डची यादी एजन्सीकडून घेऊ नका, सर्च कन्सोलमधून काढा. गेल्या तीन महिन्यांत ज्यावर क्लिक आले ते, आणि ज्यावर इम्प्रेशन भरपूर पण जागा आठ ते वीसमध्ये आहे ते. दुसऱ्या गटातच कमाई दडलेली असते. दुकानाच्या नावाचे शोध वेगळ्या टॅगखाली ठेवा. तुमच्या एजन्सीच्या अठरा पहिल्या नंबरांची खरी परीक्षाही इथेच होते. ते अठरा शब्द एकेक करून सर्च कन्सोलमध्ये टाका. इम्प्रेशन शून्य किंवा दोन-चार असतील, किंवा त्यात तुमच्या दुकानाचं नावच असेल, तर ते पहिले नंबर कुणी न धावलेल्या शर्यतीतले आहेत. आणखी एक काम आजच करा. सर्च कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये वापरकर्त्यांची यादी उघडा आणि "मालक" म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा. ते तुमचं असलं पाहिजे. डोमेनच्या डीएनएस नोंदीतून (डोमेन जिथे घेतलंय तिथल्या सेटिंगमधून) स्वतः पडताळणी करून घ्या, आणि एजन्सीला मर्यादित परवानगी द्या. एजन्सी बदलताना डेटाची चावी त्यांच्याकडेच राहिली म्हणून अडकलेले कितीतरी दुकानदार मी पाहिलेत, आणि दर वेळी जीव तुटतो.

राहिला नकाशा. तुमचं दुकान रस्त्यावर आहे, म्हणून हा भाग तुमच्यासाठी वेबसाइटच्या रँकइतकाच मोठा आहे. नकाशातली जागा गूगल तीन गोष्टींवरून ठरवतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि नावलौकिक. यातलं अंतर दर चौकाला बदलतं. महालक्ष्मीच्या दर्शनाला आलेला प्रवासी भवानी मंडपात उभा राहून "चप्पल दुकान" शोधतो तेव्हा चप्पल लाईनीतली दुकानं वर येतात. तोच स्टेशनवर उतरल्या उतरल्या शोधतो तेव्हा वेगळी. शहरासाठी एकच आकडा देणारा ट्रॅकर इथे निरुपयोगी आहे. यासाठी जाळीवाली टूल्स असतात, लोकल फाल्कन किंवा ब्राइटलोकलसारखी. ती शहरावर सात बाय सात अशी ठिपक्यांची जाळी टाकतात आणि प्रत्येक ठिपक्यावर उभं राहून तुम्ही कितवे ते मोजतात. एका कीवर्डला ४९ विचारणा, म्हणून रोज चालवू नका. महिन्यातून एकदा, दोन-तीन शब्दांवर पुरे. ठिपक्यांमधलं अंतर अर्धा किलोमीटर ठेवा आणि मधला ठिपका दुकानावर न ठेवता मंदिरावर ठेवा, कारण गिऱ्हाईक तिथून निघतं. पहिली जाळी गर्दीचा हंगाम सुरू व्हायच्या आत काढून ठेवा आणि ती प्रत जपा. दुकानाच्या गूगल प्रोफाइलवर (नकाशातल्या नोंदीवर) नवे फोटो, धंद्याचा योग्य प्रकार आणि ताज्या परीक्षणांना उत्तरं देण्याचं काम झालं की महिन्याने त्याच ठिपक्यांवर परत मोजा.